नळजोडणीच्या अर्जावरची तक्रार

४ मार्च

प्रिय ताई,

गेल्या पत्रात मी तुला चुकीचं लिहिलं, ते आधी दुरुस्त करते. आमच्या महिला साहाय्य कक्षात वर्षभरात एकही बाई आली नाही, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. बायका आल्या एकशे एकतीस. तक्रार एकही नोंदली गेली नाही. मी तक्रारींची नोंदवही पाहून लिहिलं आणि दाराशी असते ती हजेरीची वही बघायची राहिली. हे लक्षात आल्यापासून मला चैन नाही. आपल्या घरात लिहायला शिकलेली मी पहिली. पहिलीनेच असं लिहिलं तर पुढच्यांनी कशावर विश्वास ठेवायचा?

एकशे एकतीसचं शून्य कसं होतं, तेही सांगते. चौदा वर्षांपूर्वी कक्ष सुरू झाला तेव्हा तक्रारीचे अर्ज छापून आले नव्हते. पाणीपुरवठा खात्याकडे नळजोडणीचे नऊ हजार अर्ज उरले होते, ते तात्पुरते म्हणून इकडे पाठवले. तेच चालू आहेत. बाई आली की मी रकाने वाचून दाखवते आणि ती सांगेल ते भरते. परवा एक इस्त्रीवाल्या बाई आल्या. जोडणी नवी की जुनी, असं विचारल्यावर म्हणाल्या, जुनी, अकरा वर्षांची. गळती आहे का, असल्यास कुठे, असं विचारल्यावर त्यांनी डाव्या कानावरचे केस बाजूला करून दाखवलं. मी तसं लिहिलं. शेवटचा रकाना कुटुंबप्रमुखाच्या सहीचा. त्याशिवाय अर्ज अपूर्ण, आणि अपूर्ण अर्ज घ्यायचा नाही.

त्यांनी विचारलं, "म्हणजे ज्याने मारलं, त्याचीच सही आणू?"

मी हो म्हटलं. ताई, मी हो म्हटलं, हे तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्या अर्जाची घडी घालून निघून गेल्या.

आमच्या कक्षप्रमुख बाई वाईट नाहीत. पण ज्या कक्षात वर्षभरात शून्य तक्रारी, त्याला सरकार फिरती ढाल देतं. ती पाच वर्षं आमच्याकडेच आहे. फिरायची थांबली आहे.

बोललेल्याची नोंद राहत नाही म्हणून दाजींना फोन पटत नाही, म्हणून पत्रच लिहिते. वाचून दाखवण्याची तसदी ते घेतात, त्यांना माझा नमस्कार सांग. दारात पाय सरकून तुझं मनगट दुखावलं असं कळलं. आता कसं आहे?

तुझी
धाकटी


११ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझी ताई समोर बसून सांगते आहे, मी लिहितो आहे. जे तिचं ते तसंच उतरवतो, जे माझं ते कंसात, म्हणजे घोटाळा नको.

ताई म्हणते, ती मजेत आहे. मनगट बरं आहे. (पूर्ण बरं नाही. ऐंशी टक्के.)

ताई म्हणते, फिरती ढाल दिसते कशी, ते लिही. आणि नोकरीच्या पायी जेवण चुकवू नकोस.

(तुझ्या पत्रात एक चूक आहे. मनगट दारात दुखावलेलं नाही. ते स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कडेवर आपटलं. ओट्याची उंची ब्याऐंशी सेंटिमीटर, मी स्वतः मोजली आहे. नोंद करायची तर बरोबर करावी. वजनमापे निरीक्षक म्हणून मी बावीस वर्षं हेच सांगत आलो. जो दुकानदार माझ्यासमोर 'अंदाजे' हा शब्द उच्चारतो, त्याचा काटा मी जागच्या जागी जप्त करतो.)

(सहीची अट योग्यच आहे. घरातली गोष्ट प्रमुखाने खरी म्हटल्याशिवाय शासनाने खरी कशी मानायची? तुमच्या कक्षाचं काम चोख दिसतं.)

ताई म्हणते, इस्त्रीवाल्या बाई परत आल्या का, ते कळव.

दाजी


२० मार्च

प्रिय ताई,

इस्त्रीवाल्या बाई परत आलेल्या नाहीत. मी रोज हजेरीच्या वहीचं पान उलटून बघते, जणू माझ्या नकळत येऊन गेल्या असतील.

ढाल पितळी आहे. तिच्यावर एक बाई हात वर करून उभी आहे. ती आनंदात आहे की स्वतःला वाचवते आहे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कक्षप्रमुख बाई दर सोमवारी तिला पुसतात.

मदतीचा फोनही आमच्याकडे आहे. गैरवापर होऊ नये म्हणून तो लाकडी पेटीत कुलूपबंद असतो, किल्ली मुख्य कचेरीत. फोन वाजतो तेव्हा किती वेळा वाजला ते मी मोजून लिहिते. काल बावीस वेळा वाजला आणि थांबला. आणि बरं का, या महिन्यात घरोघरची पाहणी झाली. आपल्या घरात मारहाण होते का, असा एकच प्रश्न होता. उत्तर कुटुंबप्रमुखाने द्यायचं होतं. सहा हजार घरांतून सहा हजार 'नाही' आले. कक्षप्रमुख बाईंनी पेढे वाटल्यासारखा तो आकडा सगळ्यांना सांगितला.

दाजी, तुमची दुरुस्ती मी केली. मी घरच्यांच्या दुखण्याखुपण्याची एक वही ठेवते, त्यात मनगटापुढचं 'दार' खोडून 'ओटा' लिहिलं. पण मग मागची पानं चाळली. नोव्हेंबरातला ताईचा खांदा, तिथेही दार आहे. जुलैत दात पडला, तिथेही दार. त्याआधी दोनदा दारच. त्या दाराचा उंबरठा उंच असेल तर सुताराकडून तासून घ्याल का? की तिथेही माझ्याकडून चूक झाली आहे? खात्री झाली की मला बरं वाटेल.

तुझी
धाकटी


२९ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

तू विचारलंस ते योग्य केलंस. हल्ली अशी चौकस मुलं राहिली नाहीत.

(खांदा: दार बरोबर आहे. पण पाय सरकला हे चूक. दार लावलं गेलं, त्या वेळी खांदा मध्ये होता. दात: दारही नाही, ओटाही नाही. त्याचा तपशील पत्रात लिहिण्याजोगा नाही. आधीचे दोन प्रसंग माझ्या टिपणवहीत आहेत, सवडीने बघून कळवतो. उंबरठ्यात काही दोष नाही. दीड सेंटिमीटर आहे, नियमात बसतो.)

ताई म्हणते, धाकटीला आठवतं का विचारा, ती मोजायला कशावर शिकली. शाळेत जायच्या आधी, माझ्या बोटांवर. मला अक्षर येत नव्हतं, पण दहापर्यंत यायचं. मी बोट पुढे करायची आणि ती मोजायची. आता तिला सांगा, नऊच मोज. एक वाकत नाही.

(वाकतं. सत्तर टक्के. आमच्या गल्लीतल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पट्टी बांधली, तीही अंदाजानेच, एकीकडे घट्ट आणि दुसरीकडे सैल. मी घरी येऊन सोडली आणि नीट बांधली.)

ताई म्हणते, बाकी सगळं ठीक.

दाजी


१० एप्रिल

आदरणीय दाजी,

हे पत्र तुम्हालाच लिहिते, कारण काम तुमच्या हातचं आहे. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे, मी तीनदा तपासलं.

आमच्याकडचा अर्ज कुठेही न अडता वर कसा जातो, हे कक्षात कोणालाच नीट माहीत नाही. सगळ्यांचेच अर्ज कुठे ना कुठे अडतात. म्हणून एक अर्ज मी स्वतः शेवटपर्यंत भरायचं ठरवलं. माझ्या वहीत सगळ्यात जास्त नोंदी ताईच्या आहेत, म्हणून नाव तिचं घातलं. पण माझ्याकडे पक्के आकडे नाहीत. जिथे माहीत नव्हतं तिथे मी 'अंदाजे' लिहिलं. मारहाण महिन्याला अंदाजे चारदा. वापरलेली वस्तू अंदाजे एक किलोची. गळतीच्या रकान्यात अंदाजे पाच जागा. मारणारी व्यक्ती, अंदाजे दाजी.

हे असं पाठवायला मला लाज वाटते. हा अर्ज वर जाईल की नाही, मला सांगता येत नाही. आजवर एकही गेलेला नाही. पण गेलाच तर त्यावरचे आकडे सरकारी दप्तरात कायमचे राहतील, आणि तुमच्या खात्यातले लोकही ते पाहू शकतील. चूक असेल तिथे तुम्ही खोडून बरोबर करा. नियम असा आहे की प्रत्येक दुरुस्तीशेजारी कुटुंबप्रमुखाची सही लागते, आणि शिक्का असल्यास उत्तम.

ताईला सांगा, मी बोटं मोजते आहे.

तुमची
धाकटी


१९ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझा अर्ज वाचून मला खेद झाला. शिकलेल्या मुलीकडून ही अपेक्षा नव्हती. 'अंदाजे' हा शब्द अकरा वेळा आहे.

दुरुस्त्या केल्या आहेत, अर्ज सोबत जोडला आहे. महिन्याला चारदा हे साफ चूक. माझ्या टिपणवहीप्रमाणे जानेवारीत दोनदा, फेब्रुवारीत एकदा, मार्चमध्ये तीनदा, म्हणजे सरासरी दोन. तू थेट दुप्पट दाखवलंस. एक किलोची वस्तू हेही चूक. आमच्या खात्याचं अर्ध्या किलोचं पितळी वजन, गेल्याच वर्षी तपासलेलं आणि मोहोर असलेलं. तेही फक्त दोन प्रसंगी. बाकीच्या वेळी हात. जागा पाच नव्हे, सात. इथे तू कमी दाखवलंस. मी स्वतःच्या बाजूने झुकतं माप घेत नाही, हे तुझ्या ध्यानात यावं म्हणून मुद्दाम सांगतो. दाताचा तपशीलही लिहिला. रकाना होता, तो रिकामा ठेवणं बरं दिसेना. मारणाऱ्याच्या रकान्यातला 'अंदाजे' खोडला आहे.

सतरा दुरुस्त्या, सतरा सह्या, सतरा शिक्के. शेवटी पूर्ण सही, हुद्द्यासकट.

प्रत्येक वेळी काही कारण घडलं होतं. अर्जात कारणाला रकाना नाही, ही उणीव वरिष्ठांच्या कानावर घाल.

वर पाठवायला माझी हरकत नाही. एकशे एकतीसांतून एकही नोंदली गेली नाही, हे तूच कळवलंस. शासन कसं चालतं ते मला माहीत आहे, मी त्यातलाच आहे. कागदाचं पुढे काही होवो न होवो, तो बरोबर असला पाहिजे.

ताई म्हणते, धाकटी भेटायला कधी येते विचारा. (दर गुरुवारी मी बाजारातले काटे तपासायला जातो. नऊ चाळीसला निघतो, सव्वापाचला परततो. तेव्हा गुरुवार सोडून ये, म्हणजे माझी भेट होईल.)

ताई म्हणते, गुरुवारचं नीट लिहिलंत ना?

(लिहिलं.)

दाजी


२७ एप्रिल

प्रिय ताई,

हे पत्र तू नर्सबाईंच्या आवाजात ऐकशील. दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. बोट दाखवायला म्हणून तू मंगळवारी जाशील तेव्हा त्या वाचून दाखवतील. वाचून झालं की ते त्यांच्याकडेच राहू दे.

आधी माझी चूक कबूल करते. दोन वर्षं मी वहीत दार, दार, दार लिहीत गेले आणि वर उंबरठा तासायला सांगितलं. एकशे एकतीस बायका माझ्या टेबलासमोरून गेल्या आणि तू माझ्या वहीत होतीस, तरी मला कळलं नाही. तू नऊ बोटं मोजायला सांगितलीस तेव्हा कळलं.

दुसरं, तो अर्ज पाठवल्यावर नऊ दिवस मी दाराशी टपालाची वाट बघत होते. माझा हिशेब चुकला असता तर त्याची किंमत तू मोजली असतीस. दाजींच्या पत्रातून कळलेल्या दवाखान्यात फोन करून नर्सबाईंना मी पट्टीच्या निमित्ताने रोज तुझ्याकडे जायला सांगितलं होतं. त्या गेल्या, आणि दाजींनी रोज त्यांना पट्टी कशी बांधावी ते शिकवलं. नर्सबाई म्हणतात, आयुष्यात इतकं गप्प राहायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. तरीही तुला न विचारता मी तुला धोक्यात घातलं, हे खरं आहे. मला माफ कर, पण सावकाश कर. मलाच अजून जमलेलं नाही.

आता इकडचं. मी तुला सांगितलं नव्हतं, कारण तुला म्हणजे दाजींना सांगावं लागलं असतं. इस्त्रीवाल्या बाई दोन एप्रिललाच परत आल्या होत्या, अर्जावर नवऱ्याची सही घेऊन. अर्जावर मोठ्या अक्षरांत 'नळजोडणी' छापलेलं आहे. घरात नळ येणार म्हणून त्याने खुशीने सही केली होती. कक्षप्रमुख बाईंनी तो अर्ज वाचला, परत वाचला आणि ढालीच्या खाली सरकवून ठेवला. सोमवारचं पुसणं मग रोजचं झालं. त्या ढाल उचलायच्या, अर्ज बघायच्या आणि ढाल पुन्हा त्यावर ठेवायच्या.

बावीस तारखेला मी तुझा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. त्या सह्या मोजत बसल्या. मग मारणाऱ्याचा रकाना वाचला आणि मला विचारलं, "ही तुझी कोण?"

मी म्हटलं, "मला मोजायला शिकवलं ती."

अर्ज परत करायला त्यांनी कारण शोधलं, मी बघत होते. एक रकाना रिकामा नव्हता. शेवटी म्हणाल्या, पूर्ण अर्ज आल्यावर करायचं काय असतं? कोणालाच माहीत नव्हतं, कारण ढालीखालचा एक सोडला तर तिथपर्यंत कधी कोणी पोचलंच नव्हतं. मग जुन्या शिपाईबाईंना आठवलं की कपाटावर एक गठ्ठा आहे, त्यावर 'पूर्ण अर्ज आल्यास उघडावे' असं लिहिलंय. चौदा वर्षं दोरीने बांधलेला. कक्षप्रमुख बाईंनी स्वतः कात्रीने दोरी कापली.

ताई, आत सगळं होतं. बाईने तोंडी सांगितलं तरी लिहून घ्यावं, असं पहिल्याच कागदावर होतं. सहीचं तर कुठे नावही नव्हतं. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं. गाडी आणि हवालदारबाई पाठवावी, वेळ लागला तर लागण्याचं कारण लिहून द्यावं. राहायला जागा द्यावी. मारणाऱ्याला तिच्या आसपास फिरकू देऊ नये, आणि कोर्टात तिच्याबरोबर कक्षातल्या कोणीतरी जावं. फोनची पेटी उघडी असावी. सरकारने इतकं शहाणपणाचं लिहून ठेवलं होतं, आणि त्यावर इतकी घट्ट गाठ मारली होती.

कक्षप्रमुख बाई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "म्हणजे पहिल्या बाईपासून आपण…" मग विचारलं, त्या एकशे एकतीसांचे पत्ते आहेत का. मी म्हटलं, हजेरीच्या वहीत आहेत. त्यांनी वही मागून घेतली. आता रोज त्या स्वतः पंधरा पत्रं लिहितात. दोन पत्रं परत आली, त्या पत्त्यावर ती बाई आता नाही म्हणून. ती दोन त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहेत. ढाल त्यांनी मुख्य कचेरीत पाठवून दिली आणि पेटीची किल्ली आणली.

तुझा अर्ज बावीसलाच नोंदला गेला. क्रमांक दोन. एक इस्त्रीवाल्या बाईंचा. मग गाडी आजपर्यंत का आली नाही, असं तुझ्या मनात येईल. त्याचं कारण मीच लिहून दिलं आहे. दाजी घरात असताना दार वाजलं तर दारामागे तू असतीस. म्हणून ते दिवसभर नक्की नसण्याचा दिवस धरला. पंचवीसच्या गुरुवारी हवालदारबाई मिळाल्या नाहीत, त्यांची गाडी कुठल्याशा उद्घाटनाला गेली होती. तेही कारण मी लिहून दिलं आहे, आणि त्यावर त्यांच्या साहेबांची सही घेतली.

राहायच्या खोलीत चार खाटा आहेत. त्यांवर 'मारहाण टाळा' अशा पाट्यांचे ढीग होते. पावसाने खराब होतील म्हणून त्या बाहेर कधी लावल्याच नव्हत्या. त्या मी हलवल्या. एका खाटेवर इस्त्रीवाल्या बाई आहेत. चारी खाटांच्या चादरींना त्यांनीच इस्त्री केली. त्यांचा नवरा एकदा येऊन विचारून गेला, नळ कधी येणार. कक्षप्रमुख बाई दारातच म्हणाल्या, "जोडणी जुनी होती. बंद केली." मग हवालदारबाईंनी त्याला कोर्टाचा कागद वाचून दाखवला. खिडकीजवळची खाट तुझी आहे.

आता नीट ऐक. जायचं की नाही हे तू ठरवायचं आहेस. या वेळी विचारते आहे. यायचं असेल तर मंगळवारी नर्सबाईंना फक्त दहा बोटं दाखव, न वाकणारं धरून. त्या मला कळवतील. नाही दाखवलीस तर मी येणार नाही, आणि पुन्हा विचारीन. पिशवी भरू नकोस, दाजींना वजनातला फरक कळतो. जशी असशील तशी निघ. फक्त त्यांची टिपणवही कुठे असते ते लक्षात ठेव. ती हवालदारबाई स्वतः घेतील, त्यासाठी लागणारा कागद त्यांच्याकडे आहे. दाजींना त्या बाजारातच गाठणार आहेत, काट्यापाशी.

गाडीत मी असेन, पुढच्या जागेवर. दार उघडलंस की आधी माझा हात धर.

गुरुवार, दोन मे. सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. अंदाजे नाही.

तुझी
धाकटी